लिनक्स बसवताना मुक्त किती, बंदिस्त किती: नाशिकच्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार (मोफत सुरक्षा-अद्यतनं) संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे नाशिकमध्ये घरोघरी धडधाकट लॅपटॉप नुसते पडून आहेत. विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली म्हणजे लिनक्स. सिडकोतून, पंचवटीतून, निफाडकडून लोक विचारतात, "यावर लिनक्स बसेल का?" बसेल, बहुतेक वेळा बसतंच. त्यानंतर मात्र दोन प्रकारचे लोक अडतात. काहींना सगळं पहिल्याच दिवशी चालायला हवं असतं, मग आत काय टाकलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. काही जण मुक्त सॉफ्टवेअरबद्दल वाचून पेटून उठलेले असतात आणि एकही बंदिस्त फाइल नको म्हणतात, पण चार दिवसांनी वायफाय नाही म्हणून कंटाळून परत विंडोजकडे जातात.

मी स्वतः या वाटेने गेलोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. आधी फक्त मुक्त सॉफ्टवेअरवर यंत्र चालवून बघायचं. जे अडेल त्या चिपचं नाव शोधायचं. तेवढ्यापुरतीच बंदिस्त फाइल आत घ्यायची, ती वहीत लिहून ठेवायची आणि पुढची खरेदी त्या वहीवरून करायची.

आज्ञा आणि पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांची) नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

१. नेमकं काय बंदिस्त आहे, ते आधी ओळखा

ही पायरी वाचून सोडून देऊ नका. पुढचे सगळे निर्णय हिच्यावर ठरतात.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चार स्वातंत्र्यं: कोणत्याही कामासाठी वापरणं, आत बघून बदलणं, प्रत दुसऱ्याला देणं, आणि आपण बदललेली प्रतही देणं. ही स्वातंत्र्यं ज्यात नाहीत, ते बंदिस्त. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये पूर्ण मुक्त प्रणाली बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्याच्या मागे एक प्रिंटर होता. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी सोय करून घेतली होती की कागद अडकला की वापरणाऱ्याला निरोप जावा. १९८०च्या सुमारास नवा लेसर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड मागूनही मिळाला नाही. म्हणजे हार्डवेअर आणि स्वातंत्र्य यांचं भांडण या चळवळीच्या जन्माआधीपासूनचं आहे.

आजच्या लॅपटॉपमध्ये बंदिस्त कोड तीन जागी सापडतो.

पहिली जागा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम. तो तुमच्या मुख्य प्रोसेसरवर, कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) आत चालतो आणि त्याला यंत्रातलं सगळं दिसतं. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर आणि ब्रॉडकॉम वायफायचा 'डब्ल्यूएल' ही ठळक उदाहरणं.

दुसरी जागा फर्मवेअरची फाइल. ड्रायव्हर मुक्तच असतो, पण यंत्र चालू होताना तो ही फाइल वायफाय किंवा ग्राफिक्सच्या चिपमध्ये चढवतो आणि ती त्या चिपच्या आत चालते. इंटेलची वायफाय कार्डं याच प्रकारातली.

तिसरी जागा चिपमध्ये कारखान्यातच भरलेला कोड: बायोस (यंत्र चालू करताच सर्वांत आधी चालणारा कोड), हार्ड डिस्कचा कंट्रोलर, कीबोर्डचा कंट्रोलर. तो तुमच्याकडे फाइल मागत नाही, म्हणून नजरेत येत नाही.

खरा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेत आहे. नेहमीच्या वापरात जो कोड कधी बदलला जात नाही, त्याला चिपच्या जोडणीचाच भाग मानायचं, अशी मुक्त सॉफ्टवेअरसाठी झटणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेची भूमिका आहे. ही रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मला पटतं. पण एक लक्षात घ्या: फाइल न मागणारं कार्ड आतून मुक्तच असेल असं नाही. कधी कधी तोच बंदिस्त कोड आधीच आत बसलेला असतो एवढंच.

माझा क्रम असा आहे. बंदिस्त ड्रायव्हर शक्यतो नकोच. फर्मवेअर लागलं तर नाव घेऊन, तेवढंच. आणि प्रोसेसरचं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतच चालणारा कोड) अद्यतन मात्र घ्यावंच. काही तत्त्वनिष्ठ मित्रांना हे पटत नाही, पण प्रोसेसरमध्ये मायक्रोकोड आधीपासून आहेच आणि तो बंदिस्तच आहे. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षा-दोष उघडकीस आले, तेव्हा बचावाचा काही भाग अशा अद्यतनांतूनच आला. अद्यतन नाकारून स्वातंत्र्य मिळत नाही, फक्त जुनी सदोष प्रत आत राहते.

२. जवळ काय असावं

- ८ जीबी किंवा मोठे दोन पेनड्राइव्ह
- फाइलींची प्रत ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क
- अँड्रॉइड फोन आणि डेटा जाणारी यूएसबी केबल (काही केबलींतून नुसतं चार्जिंग होतं)
- जमल्यास राउटरपर्यंत पोहोचणारी लॅनची केबल
- लॅपटॉपचं बिल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर तिचे कागद
- बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की, कागदावर लिहून
- वायफायचा पासवर्ड
- एक वही

फोन कशाला, असं वाटेल. यूएसबी टेदरिंगला, म्हणजे केबलने फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायला, लॅपटॉपवर कोणतंही बंदिस्त फर्मवेअर लागत नाही. वायफाय बंद असतानाही फोनमधून इंटरनेट मिळतं, आणि बसवताना अडलेल्या कितीतरी लोकांची सुटका एवढ्यानेच होते.

३. विंडोज पुसायच्या आधी

विंडोज चालू आहे तोवरच डिव्हाइस मॅनेजर उघडा. वायफाय, ग्राफिक्स, ब्लूटूथ, साउंड यांच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज बघा. 'व्हेन'च्या (VEN) पुढे चार अक्षरी कोड असतो, त्यावरून चिप कोणाची ते कळतं. ८०८६ म्हणजे इंटेल, १६८सी अथेरॉस, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १४सी३ मीडियाटेक. लॅपटॉपच्या झाकणावरच्या नावाने काही ठरत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळी वायफाय कार्डं बसवलेली असतात.

मग कामाचा विचार करा. तुमचं पोट टॅलीवर, सॉलिडवर्क्सवर किंवा सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यातल्या पीएलसी सॉफ्टवेअरवर असेल, तर ते यंत्र लगेच पुसू नका. श्रीलिपीत बनवलेल्या पत्रिका आणि फ्लेक्सच्या फाइली लिनक्सवर उघडल्या तर अक्षरांची भेळ दिसते, कारण त्या युनिकोडमध्ये नसतात. आधारचं बोटाचे ठसे घेणारं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल, तर त्याचं लिनक्सवर काय होतं ते पुरवठादाराकडून आधी लेखी विचारून घ्या. अशांनी दुसरी एसएसडी घालून किंवा दुसऱ्या जुन्या यंत्रावर सुरुवात करावी.

इथे तीन सापळे आहेत. बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकरची की नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही. विंडोजही ठेवणार असाल तर 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. आणि काही इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्क 'आरएसटी' पद्धतीने जोडलेली असते, ती इन्स्टॉलरला दिसतच नाही. बायोसमध्ये ती 'एएचसीआय' करावी लागते.

४. ट्रिस्क्वेलवर परीक्षा घ्या

ट्रिस्क्वेल हे उबंटूवर आधारलेलं, पण पूर्ण मुक्त वितरण (लिनक्सची बसवायला तयार आवृत्ती) आहे. त्यात लिनक्स-लिब्रे नावाचा कर्नल असतो. बंदिस्त तुकडे काढून तो तयार केलेला असतो आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची लॅटिन अमेरिकेतली संघटना तो सांभाळते. ट्रिस्क्वेल शेवटी वापरा किंवा वापरू नका, परीक्षेसाठी त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. त्यावर जे चाललं, ते मुक्त सॉफ्टवेअरवर चाललं.

ट्रिस्क्वेलचा पेनड्राइव्ह विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रॅमने बनवा (तोही मुक्त आहे), त्यावरून यंत्र सुरू करा आणि काहीही न बसवता लाइव्ह वापरा. यंत्र सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून बघा. वायफाय, आवाज, व्हिडिओ, कॅमेरा, झाकण बंद करून उघडणं, सगळं तपासा.

मग टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'एल एस पी सी आय', मोकळी जागा, उणे चिन्ह आणि 'एन एन के' टाइप करा. प्रत्येक भागाचं नाव, कोड आणि त्याला मिळालेला ड्रायव्हर समोर येतो. यूएसबीवरच्या वस्तूंसाठी 'एल एस यू एस बी'. जिथे ड्रायव्हरची ओळच नाही, तिथे काम अडलंय. वहीत लिहा.

ट्रिस्क्वेलचा कर्नल बहुधा सर्वांत ताजा नसतो. गेल्या एक-दोन वर्षांतल्या लॅपटॉपवर काही चाललं नाही, तर दोष बंदिस्तपणाचा आहे की कर्नलच्या वयाचा, हे लगेच ठरवू नका. जुन्या यंत्रांवर हा घोळ होत नाही.

५. कोणत्या चिपकडून काय अपेक्षा ठेवावी

वायफाय. नव्वद टक्के डोकेदुखी इथेच. अथेरॉसची 'एटीएच९के' ड्रायव्हरवर चालणारी जुनी कार्डं, उदाहरणार्थ एआर९२८५, एआर९३८० किंवा एआर९४६२, फाइल न मागता चालतात. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक आणि ब्रॉडकॉम यांच्या बहुतेक सगळ्या कार्डांना फर्मवेअर लागतं. मात्र एआर९४६२मधल्या ब्लूटूथला वेगळं फर्मवेअर लागतं. वायफाय मुक्त आणि ब्लूटूथ अडलेलं, अशी स्थिती त्यात येते.

यूएसबीवर एआर९२७१ ही चिप फार मोलाची आहे, कारण तिचं फर्मवेअरच मुक्त आहे आणि डेबियन या वितरणाच्या मुख्य भागात मिळतं. वेग कमी, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, पण घरातल्या कामाला पुरतं. सापळा असा की टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या यूएसबी कार्डाच्या फक्त पहिल्या आवृत्तीत ही चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आहे, आणि खोक्यावरचं नाव तेच राहिलंय.

ग्राफिक्स. इंटेलचं जुनं ग्राफिक्स फाइलशिवाय चालतं. त्यानंतरच्या बऱ्याच चिपनाही स्क्रीनपुरती गरज लागत नाही, फक्त बॅटरीची बचत थोडी कमी होते; अगदी ताज्या चिपचं मात्र तपासून बघा. एएमडीचा ड्रायव्हर मुक्त आणि उत्तम आहे, पण फर्मवेअरशिवाय त्याच्याकडून धड काम होत नाही. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवर नूवो हा मुक्त ड्रायव्हर चालतो. जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागतं, आणि जीटीएक्स ९०० व १० मालिकेतली कार्डं नूवोवर पूर्ण वेग पकडत नाहीत. मे २०२२मध्ये एनव्हिडियाने ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांसाठी कर्नलचा भाग खुला केला, पण वरचा भाग आणि फर्मवेअर बंदिस्तच राहिलं. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर इंटेलवर काम चालवा. लिहिण्या-वाचण्याला, व्हिडिओ बघायला ते भरपूर आहे.

आवाज. २०१९च्या आसपासपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपना 'सोफ' नावाचं फर्मवेअर लागतं. मला हे उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं. त्याचा सोर्स कोड खुला आहे, कुणीही वाचू शकतो. पण बहुतेक लॅपटॉपची चिप इंटेलच्या सहीचीच प्रत स्वीकारते. तुम्ही दुरुस्त केलेली प्रत तुमच्याच लॅपटॉपवर चालत नाही.

कॅमेरा आणि लॅन बहुधा विनातक्रार चालतात.

६. वितरण निवडा

ट्रिस्क्वेलवर सगळं चाललं तर तेच बसवा, पुढे वाचायचीही गरज नाही. गिक्स सिस्टमसुद्धा पूर्ण मुक्त आहे, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

काही अडलं तर माझी शिफारस डेबियन. १९९७च्या सामाजिक करारापासून त्यांनी मुक्त आणि बंदिस्त यांचे कप्पे वेगळे ठेवलेत. २०११च्या डेबियन ६मध्ये कर्नलमधून बंदिस्त फर्मवेअर बाहेर काढलं. मग लोकांना अधिकृत इन्स्टॉलरवर वायफाय मिळेना आणि अनधिकृत प्रती शोधाव्या लागायच्या. २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर घालायचं ठरवलं, आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून त्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा स्वतंत्र कप्पा आला. मला हा तोडगा प्रामाणिक वाटतो. फर्मवेअर मिळतं, आणि ते बंदिस्त आहे हे त्याच्या नावातच लिहिलेलं राहतं. बंदिस्त ड्रायव्हरचा 'नॉन-फ्री' कप्पा त्याहून निराळा आहे, तो उघडल्याशिवाय उघडत नाही.

फेडोराही फर्मवेअर देते पण बंदिस्त ड्रायव्हर स्वतः देत नाही. उबंटू आणि मिंट ही वितरणं फर्मवेअर आणि बंदिस्त ड्रायव्हर या दोन्ही गोष्टी बसवणं सोपं करतात. सत्तरीतल्या आजोबांना मिंट देण्यात काही गैर नाही. फक्त त्यातल्या ड्रायव्हर मॅनेजरने काय सुचवलंय ते वाचून मगच होकार द्या.

तुमचा प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर थांबा. ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३मध्ये त्यासाठी इन्स्टॉलर नाही.

७. डेबियन बसवताना

तुम्ही काही केलं नाही तर इन्स्टॉलर स्वतःच चिप ओळखून फर्मवेअर घालतो. आपल्याला ते आपल्या हाताने करायचंय. सुरुवातीच्या मेनूवर 'ई' दाबा (जुन्या बायोसवर टॅब) आणि कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'फर्मवेअर=नेव्हर' जोडा. इंटरनेट फोनच्या टेदरिंगने द्या.

एवढा खटाटोप नको असेल तर नेहमीसारखं बसवा आणि नंतर 'व्हार'मधल्या 'लॉग'मधल्या 'इन्स्टॉलर' फोल्डरमधली 'फर्मवेअर-समरी' ही फाइल उघडा. इन्स्टॉलरने काय काय घातलं त्याची नोंद तिच्यात असते. ती वहीत उतरवा.

हाताने करणाऱ्यांनी यंत्र सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरच्या स्रोतांच्या यादीत 'मेन'च्या पुढे 'नॉन-फ्री-फर्मवेअर' घालावं. नुसतं 'नॉन-फ्री' घालू नये. मग सुडो (प्रशासकाच्या) अधिकाराने 'डी एम ई एस जी' चालवून त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा. कोणती फाइल मागितली आणि मिळाली नाही, ते कर्नल सांगतो. त्यावरून एकच पॅकेज घ्या: इंटेल वायफायला 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', रिअलटेकला 'फर्मवेअर-रिअलटेक', एएमडीला 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स'. सोबत 'इंटेल-मायक्रोकोड' किंवा 'एएमडी६४-मायक्रोकोड'.

'फर्मवेअर-लिनक्स' हे पॅकेज बसवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने तुमच्याकडे नसलेल्या हार्डवेअरच्याही फाइली येतात. घेऊ नका.

ब्रॉडकॉमचा बंदिस्त 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर घ्यावा लागतोय असं दिसलं, तर तो घेण्याऐवजी कार्ड बदला. कर्नल बदलला की तो ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो, आणि एखाद्या अद्यतनानंतर वायफाय गायब होतं.

मराठी टंकनाची काळजी नको. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि लोहित, नोटो हे फाँट मुक्त आहेत आणि मुख्य कप्प्यातच मिळतात.

८. प्रिंटर

कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्यांकडे आणि वकिलांच्या टेबलांवर दोन प्रिंटर हमखास दिसतात, आणि दोन्ही अवघड आहेत. कॅनन एलबीपी २९०० फक्त कंपनीची 'कॅप्ट' भाषा समजतो, त्यासाठी कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर किंवा हौशी लोकांनी उलगडून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर एवढेच पर्याय आहेत. एचपी लेसरजेट १०२०ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर द्यावं लागतं. एचपीची 'एचपीएलआयपी' प्रणाली मुक्त असली तरी या मॉडेलसाठी ती बंदिस्त प्लगइन मागते.

दुकान चालवायचं असेल तर प्लगइन घ्या आणि वहीत लिहा, धंदा थांबवू नका. नवा प्रिंटर घेताना मात्र तो पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा समजतो का, अथवा एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअरवर चालतो का, हे विचारा. असे प्रिंटर सहसा कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरशिवाय चालतात.

९. खरेदीला जाताना

एमजी रोडला किंवा कॅनडा कॉर्नरकडे जुना लॅपटॉप बघायला जाल, तेव्हा ट्रिस्क्वेलचा पेनड्राइव्ह खिशात असू द्या. दुकानदाराला नम्रपणे विचारून त्यावरून यंत्र सुरू करून बघा. एका दुकानात मला "त्याने बायोस खराब होतो" असं सांगितलं गेलं. तसं काही होत नाही. लाइव्ह चालवल्याने डिस्कला हातही लागत नाही. तरीही नकार मिळाला तर विंडोजमधून हार्डवेअर आयडी बघू द्या म्हणा, नाहीतर पुढचं दुकान.

वायफायचं कार्ड बदलायचा बेत असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. एक्स२२०, टी४३० अशा काही थिंकपॅडचा बायोस ठरावीक यादीतलीच कार्डं स्वीकारतो. दुसरं कार्ड घातलं तर यंत्र सुरूच होत नाही. तिथे यूएसबीवरचं एआर९२७१ घ्या. इतर लॅपटॉपमध्ये आधी मागचं झाकण उघडून जागा मिनी पीसीआयई आहे की एम.२, ते बघा.

ऑनलाइन घ्यायचं तर ज्या विक्रेत्याने चिपचा क्रमांक लिहिलाय त्याच्याकडूनच घ्या. परत करायची मुदत संपायच्या आत 'एल एस यू एस बी' चालवून क्रमांक ताडून पाहा.

१०. वर्षातून एकदा

'चेक-डीएफएसजी-स्टेटस' हे छोटं पॅकेज बसवा. मुक्त नसलेली कोणती पॅकेजं यंत्रावर आहेत त्याची यादी ते देतं. पूर्वी याचं नाव 'व्हीआरएमएस' होतं. ती यादी वहीशी जुळवा आणि कशासाठी घेतलं होतं ते आठवत नसेल ते काढून बघा. प्रिंटर बदलला असेल तर त्याचं प्लगइन अजून आत कशाला?

आवृत्ती बदलताना स्रोतांची यादी स्वतः वाचा. डेबियन ११ किंवा त्याआधीपासून चालत आलेल्या यंत्रांवर ती अजून जुन्या पद्धतीची असते. त्यात 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा शब्द नसेल तर वायफाय चालू राहतं, पण फर्मवेअर आणि मायक्रोकोडची सुरक्षा-अद्यतनं यायची थांबतात, आणि ती थांबल्याचं पटकन लक्षात येत नाही. तो शब्द घाला. जुना 'नॉन-फ्री' आता कशालाच लागत नसेल तर तो त्याच वेळी खोडून टाका.